चावीवाल्याची वही

पत्र

पालिकेत अभियंता म्हणून मला एकवीस वर्षं झाली. आधी रस्ते, मग इमारती. आठ महिन्यांपूर्वी आयुक्तांनी बोलावून घेतलं आणि पाणीपुरवठा माझ्याकडे सोपवला. म्हणाले, दीड वर्षात सुधारून दाखवा. सल्लागारांचा दोनशे चाळीस पानांचा अहवाल तयार होता. मी तक्रारींसाठी ॲप सुरू केलं, दर सोमवारी बैठक लावली. बैठकीत सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात आणि मंगळवारी सगळं होतं तिथेच असतं.

एका भागात पाणी मनमानी वेळेला सुटतं, म्हणून मी लेखी वेळापत्रक काढलं. तिसऱ्या दिवशी वरच्या दोन गल्ल्यांतल्या बायका हंडे घेऊन कार्यालयात. त्यांच्याकडे तीन दिवस थेंब आला नव्हता. (आदेश मात्र चावीवाल्याने, म्हणजे पाण्याच्या लाइनींचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या कर्मचाऱ्याने, तंतोतंत पाळला होता.) हा चावीवाला निवृत्तीला आलेला आहे. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही ठेवतो. मी ती मागितली तर म्हणाला, ‘मॅडम, ती माझी आहे. आणि वेळापत्रक घेऊन आलेल्या तुम्ही चौथ्या.’

सहकारी सांगतात, दोघा-तिघांना निलंबित करा, बाकीचे सरळ होतील. काही म्हणतात, ठेका देऊन मोकळ्या व्हा. हाताशी दहा महिने उरलेत. ही माणसं कामाला कशी लावू?

— एक अभियंता


उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. आदेश तंतोतंत पाळला, आणि दोन गल्ल्या कोरड्या पडल्या. माझ्या नोकरीच्या चौतीस वर्षांतली निम्मी मी पाण्यात काढली (शब्दशः काढली, चेंबरमध्ये उतरून), त्या भरवशावर सांगतो, या एका वाक्यात तुमचा सगळा विभाग आहे.

समजा, वेळापत्रकात सहा ते साडेसात असं लिहिलं होतं. त्याने सहाला चावी उघडली, साडेसातला बंद केली. खालच्या गल्लीत जमिनीतल्या टाक्या मोठ्या, घरोघरी नळाला लावलेल्या मोटारी. पाणी आधी उताराला धावलं, मोटारींनी ओढलं, टाक्या भरल्या, आणि वर चढण्याइतका दाब लाइनीत तयार व्हायच्या आत दीड तास संपला. याआधी तो काय करत असेल? वेळेच्या थोडं आधी उघडत असेल. खालच्या फाट्याची चावी चार-पाच आट्यांवर (फेऱ्यांवर) आवळून ठेवत असेल, म्हणजे पाणी वर रेटलं जाईल. वरच्या गल्लीतून कोणीतरी फोन करत असेल, ‘आलं हो’. मग खालची चावी पूर्ण सोडत असेल. तुमच्या शहरात पाऊल न टाकता मी हे सांगू शकतो, कारण चढ-उताराच्या प्रत्येक वस्तीत थोड्याफार फरकाने हेच चालतं. तुम्ही त्याला वेळ वाटून दिलीत. तो इतकी वर्षं दाब वाटत होता. त्या वहीत बहुधा हेच आहे: कोणती चावी, किती आटे, कोणत्या दिवशी, टाकीत किती फूट पाणी असताना.

म्हणून तुमचा प्रश्न मला जरा फिरवून घ्यावा लागतोय. माणसं कामाला कशी लावू, असं तुम्ही विचारता. ती लागलेलीच आहेत. फक्त त्यांचं काम काय आहे हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्यावरच बऱ्याच जणांचं बरं चाललंय.

निलंबनाचं म्हणाल तर तो प्रयोग मी करून बसलोय. एका पालिकेत नवाच रुजू झालो होतो. दोन चावीवाले काही इमारतींकडून पैसे घेऊन पंधरा मिनिटं जास्त पाणी सोडतात अशी तक्रार आली. तक्रार खरी होती. मी दोघांनाही त्याच संध्याकाळी घरी बसवलं. कार्यालयात माझा दरारा वाढला, चार दिवस मीही जरा ताठ चालत होतो. पाचव्या दिवशी एक मुख्य व्हॉल्व्ह सापडेना. नकाशात तो चौकाच्या मधोमध होता, प्रत्यक्षात डांबराच्या दोन थरांखाली, आणि एका भिंतीच्या कोपऱ्यापासून चार पावलं मोजून कुठे खणायचं हे त्या दोघांपैकी एकालाच माहीत. आठव्या दिवशी त्याहून वाईट झालं. बदली म्हणून दिलेल्या पोराने एक चावी उघडायला घेतली. ती उलट्या आट्यांची होती. जुन्या लाइनींवर असे व्हॉल्व्ह असतात, सगळे डावीकडे उघडतात आणि हा एकटा उजवीकडे. तो उघडतोय असं समजून बंद करत राहिला, अडलं म्हणून जोर लावला आणि दांडाच पिळून तोडला. अर्धा प्रभाग तीन दिवस कोरडा. अकराव्या दिवशी मी त्या दोघांना ‘चौकशीच्या अधीन राहून’ परत बोलावलं. ती चौकशी माझी बदली होईपर्यंत अधीनच होती.

आता, पैसे घेणारे दोघे साधू होते असं मी म्हणत नाही. पण ते पंधरा मिनिटं विकत होते ते कशामुळे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पाणी सगळ्यांना पुरेल असं नव्हतं, किंवा पुरत असून पोचत नव्हतं. अशा वेळी कोणाला किती, हे रोज कोणीतरी ठरवावंच लागतं. सभागृहाने ते ठरवलं नाही. अभियंत्याने ठरवलं नाही, त्याने फक्त वेळापत्रक चिकटवलं. मग तो निर्णय घरंगळत घरंगळत चावी हातात असलेल्या माणसापाशी येऊन थांबला. तो कधी दयेने ठरवतो, कधी ओळखीने, कधी पैसे घेऊन. त्याला हटवलंत तर निर्णय नाहीसा होत नाही, दुसऱ्याकडे जातो. तुमच्या विभागातल्या प्रत्येक भानगडीला हा प्रश्न विचारून बघा: ही भानगड कोणतं काम करतेय? ते काम आधी दुसऱ्या कशावर तरी टाका, मग भानगडीला हात घाला. क्रम उलटा केलात की हंडे येतात.

क्रमाचं महत्त्व कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या पाणीपुरवठ्याच्या गोष्टीत फार चांगलं दिसतं. एक सोन चान (यातलं ‘एक’ हा नावाचाच भाग) १९९३ मध्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. देश यादवी युद्धातून नुकता बाहेर पडत होता. पाणी दिवसाला दहा तास, तेही शहरातल्या थोड्याच भागाला, आणि शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातल्या ७२ टक्क्यांचा पैसाच येत नव्हता. काही गळत होतं, काही चोरीला जात होतं, काहीचं बिलच निघत नव्हतं. दीडेक दशकात हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला, पाणी चोवीस तास झालं. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याबद्दलची एक हकिगत सगळे सांगतात: एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेले तेव्हा त्याने पिस्तूल त्यांच्या डोक्याला लावलं. ते निघून गेले, हत्यारबंद माणसं घेऊन परत आले आणि त्याची जोडणी तोडली.

भाषणात ही हकिगत फार शोभते, आणि तुमचे निलंबनवादी सहकारी ती ऐकून खूश होतील. मला तिच्या अवतीभवतीचा कंटाळवाणा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चान यांनी आधी घरोघर माणसं पाठवून ग्राहकांची यादी तपासली. नोंदवहीतली कित्येक नावं प्रत्यक्षात नव्हतीच, आणि पाणी घेणारी हजारो घरं नोंदवहीत नव्हती. बेकायदा जोडण्यांत विभागाचीच माणसं गुंतलेली निघाली. त्यांच्यावर कारवाई झाली, पण त्याबरोबरच पगार वाढले, चांगल्या कामाला बक्षिसं ठेवली, तरुणांना वरच्या जागा दिल्या. सरकारी कार्यालयांनाही बिल भरायला लावलं. म्हणजे विभाग स्वतःच्या अंगणात झाडू मारत होता, म्हणून दुसऱ्याच्या दारात उभं राहायला त्याला तोंड होतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चान त्या खुर्चीवर दीड दशकाहून अधिक काळ होते. तुमच्याकडे दहा महिने आहेत. त्यांच्याएवढं करायला जाऊ नका.

मग काय करायचं? एक झोन घ्या. एकच.

सगळ्यात वाईट झोन घेऊ नका, तिथे दहा महिने नुसतं खणण्यात जातील. सगळ्यात चांगलाही नको, ‘तिथे काय, आधीपासून चांगलंच होतं’ असं म्हणतील. असा भाग शोधा जिथे एकाच टाकीतून पाणी येतं आणि शेजारच्या भागाशी जोडणाऱ्या लाइनी बंद करता येतात. दोनेक हजार जोडण्या पुरेत. तुमच्या त्या हंडेवाल्या गल्ल्या यात बसत असतील तर त्याहून उत्तम, तिथे तुमच्यावर आधीच कर्ज आहे.

झोनच्या तोंडाशी मीटर बसवा. हे एवढंच, पण हे होईपर्यंत पुढचं काही करू नका. आत किती पाणी जातं हे माहीत नसताना गळती टक्क्यांत सांगणारा अहवाल म्हणजे ज्योतिषाची पत्रिका. (तुमच्या दोनशे चाळीस पानांत टक्का दिलेला असणार, दशांश चिन्हासकट. तो कुठून आला ते विचारा. मजा येईल.) मग सीमेवरच्या चाव्या खरंच पूर्ण बंद होतात का ते तपासा. त्यातल्या निदान दोन बंद होणार नाहीत.

यानंतर एक रात्र जागा. नेहमीची पद्धत अशी की रात्री दोन ते चारच्या दरम्यान झोनमध्ये किती पाणी शिरतंय ते बघायचं. सगळे झोपलेले असतात, तेव्हा जे वाहतंय ते बहुतेक गळतंय. पण तुमच्याकडे पाणी रात्री बंद असतं, लाइन रिकामी असते, मोजणार काय? त्यासाठी एक-दोन रात्री मुद्दाम पाणी चालू ठेवावं लागेल. लोकांना आधी सांगा, टाक्यांचे कॉक बंद ठेवायला सांगा. पहिल्या तासात टाक्या भरत राहतील, तो आकडा सोडून द्या. पहाटे तीनला मीटरचा काटा ज्या गतीने फिरत असेल ती तुमची खरी कुंडली. तेव्हा त्या चावीवाल्याला बरोबर घ्या. शांत रात्री लोखंडी कांब नळावर टेकवून कान लावला की गळणारी जागा ऐकू येते, आणि त्याचा कान यंत्राइतका नसला तरी यंत्र कुठे लावायचं हे त्याला कळतं.

गळत्या काढायच्या आधी पाण्याचे तास वाढवायचा मोह होईल. नगरसेवकही तेच मागतील. करू नका. जी भेग आज दोन तास गळते ती उद्या सहा तास गळेल, दाब वाढला की अजून जोरात गळेल, आणि टाकी दुपारीच रिकामी होईल. आधी भेगा, मग तास. मात्र तास वाढवणं हेच शेवटचं ठिकाण आहे, हे विसरू नका. लाइन रिकामी राहते तेव्हा त्याच भेगांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिल्या पंधरा मिनिटांचं गढूळ पाणी लोक ओतून देतात ते त्यामुळेच. आणि रिकाम्या लाइनीत पाणी सोडलं की आधी हवा धावते, तिने घरचे मीटर गरगर फिरतात, नंतर लोक बिल फाडून तुमच्या टेबलावर टाकतात. ते खोटं बोलत नसतात. ही भांडणं बोलून मिटत नाहीत, लाइन भरलेली ठेवली की आपोआप सुटतात.

यश कशात मोजायचं हेही आत्ताच ठरवून टाका, नाहीतर दुसरं कोणी ठरवेल. माझं माप साधं होतं: झोनमधल्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात शेवटच्या घराच्या नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून, त्या घरातल्या बाईंसमोर. सरासरीला फसवता येतं, शेवटच्या घराला नाही. तुमच्या ॲपवर तक्रारी किती आल्या यावर मात्र यश मोजू नका. सुधारणा सुरू झाली की तक्रारी आधी वाढतात, कारण लोकांना ऐकणारं कोणी आहे असं वाटू लागतं. एका अधिकाऱ्याने तक्रारी कमी दाखवायचा हुकूम दिला होता. कारकुनांनी फोन उचलणं बंद केलं, आकडा झकास खाली आला.

आता तुमच्या ‘हो मॅडम’ बैठकीबद्दल. ती बंद करा. सोमवारी सकाळी अकराला, पंख्याखाली, ज्यांचं काम पहाटे पाचला सुरू झालंय त्यांना बोलावून तुम्ही काय विचारणार? प्लेगनंतरच्या सुरतेचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून गेले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, स्वतः उतरले, आणि मुख्यालयातले अधिकार झोनच्या अधिकाऱ्यांना देऊन टाकले, म्हणजे जागेवर दिसलेली गोष्ट जागेवर निकालात निघेल, फाइल वर चढायची वाट बघणार नाही. दोनेक वर्षांत ते शहर इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पाहणीत चंदिगढखालोखाल स्वच्छ ठरलं. लोक यातलं सकाळचं फिरणं उचलतात आणि अधिकार द्यायचं विसरतात. तुम्ही पहाटे फिरलात, गळकी चावी बघितलीत आणि वीस रुपयांचं वायसर घ्यायलाही चार सह्या लागणार असतील, तर तुमचं फिरणं हे चावीवाल्याच्या दृष्टीने व्यायाम आहे. आयुक्तांकडे दुसरं काही मागू नका, या एका झोनपुरता किरकोळ खर्चाचा आणि दुरुस्तीचा अधिकार जागेवर मागा. लेखी मागा. आठ महिन्यांत काही हललं नाही म्हणून ते आत्ता जरा अस्वस्थ असतील, हीच वेळ आहे.

माणसांचं राहिलं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्तेसफाई विभागावर जॉर्ज वेअरिंग नावाचे कर्नल आले. तोवर तो विभाग राजकारण्यांची माणसं पोसायचं कुरण होता. रस्त्यांवर घोड्यांच्या लिदीचे थर, सफाई कामगार म्हणजे टिंगलीचा विषय. वेअरिंगनी त्यांना पांढरेशुभ्र गणवेश दिले. कचऱ्यात काम करणाऱ्याला पांढरं! सगळे हसले. पण पांढऱ्यामुळे कामगार लांबून दिसू लागला, तो कुठे उभा आहे आणि काय करतोय हे सगळ्या गल्लीला कळू लागलं, आणि रस्ता खरोखर स्वच्छ दिसायला लागल्यावर तेच कपडे मानाचे झाले. १८९६ मध्ये या कामगारांचं संचलन निघालं तेव्हा लोक टाळ्या वाजवायला उभे होते. याहून मला आवडणारी गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांनी कामगारांमधून निवडलेल्या एक्केचाळीस जणांची समिती केली. कामगारांच्या तक्रारी आधी तिथे जायच्या, आणि बऱ्याचशा तिथेच मिटायच्या.

गणवेश वाटा असं मी सुचवत नाही. गणवेश वाटणं ही आपल्याकडे वेगळीच निविदा होते. पण तुमच्या चावीवाल्यांचं काय थकलंय ते एकदा बघा. जादा कामाचा भत्ता किती महिने निघालेला नाही? गमबूट शेवटचे कधी मिळाले? चेंबरची झाकणं किती जागी फुटलेली आहेत आणि त्यात अंधारात कोणाचा पाय गेलाय? पाण्याच्या वेळेला नगरसेवकाचा फोन आला तर ‘मॅडमना विचारा’ असं म्हणायची मुभा त्यांना आहे का, आणि तसं म्हटल्यावर तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहाल का? पहिल्या महिन्यात हे उरकून टाका, गाजावाजा न करता. थकलेला भत्ता निघाला की बातमी तुमच्याआधी पोचते.

नगरसेवकांना शत्रू समजू नका. सेवा वाईट असते म्हणून लोक त्यांना फोन करतात, त्यांनी एक टँकर पाठवला की ते उपयोगी ठरतात. नळाला पाणी नीट येऊ लागलं तर त्यांचा तो उपयोग संपतो, हे दुःख खरं आहे. त्यांना दुसरा उपयोग द्या. कोणत्या गल्लीची लाइन कोणत्या आठवड्यात बदलणार याची यादी त्यांच्या हातात आधी द्या, लोकांना त्यांनाच सांगू दे. श्रेय वाटून टाका. ते साठवून ठेवायला तुम्हाला जागाही नाही, दहा महिन्यांनी तुम्ही कदाचित उद्यान विभागात असाल.

पाणीपट्टीला या दहा महिन्यांत हात लावू नका. नॉम पेन्हमध्ये दर तीन टप्प्यांत वाढवायचे ठरले होते. दोन झाले, तिसऱ्याची गरजच पडली नाही, कारण तोवर गळती घटली होती आणि बिलं भरली जात होती.

ठेक्याचं उत्तरही छोटंच आहे. जे मोजता येतं ते ठेक्याने देता येतं. गळती शोधणं, मीटर बसवणं, लाइन टाकणं खुशाल द्या. पण तुमच्या सेवेत आज काय चाललंय हे तुम्हालाच माहीत नसताना अख्खी सेवा दिलीत, तर ठेकेदार पहिल्या आठवड्यात तुमच्याच चावीवाल्यांना कामावर ठेवेल, आणि ती वही तुमच्या विभागातून कायमची बाहेर जाईल.

तर, वही. ती मागू नका. तो म्हणाला ती माझी आहे, आणि ते खरं आहे. पालिकेने त्याला नकाशा दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच्या पैशाची वही घेतली. शिवाय त्याला हे पक्कं कळतं की वही दिली की त्याची किंमत संपली. तीन साहेबांनी वेळापत्रकं आणली, त्यातल्या एकानेही त्याच्याबरोबर एक फेरी मारली नसावी.

तुम्ही मारा. रोज नको, आठवड्यातून तीन पहाटा, महिनाभर. पहिल्या आठवड्यात काही लिहू नका, काही सुधारू नका. तो चावी घालून आटे मोजतो तेव्हा मनातल्या मनात तुम्हीही मोजा, आणि चुकलं तर त्याला विचारा. ही सातच आटे का? काल नऊ होते ना? तो आधी तुटक बोलेल. मग एखाद्या चेंबरपाशी स्वतःहून सांगेल की इथे एक जुनी लाइन आहे, नकाशात नाही. तेव्हा तुमच्याबरोबर एक तरुण कनिष्ठ अभियंता असू द्या, नकाशा काढणारा. नकाशा तयार झाला की त्यावर खाली नाव घाला, तुमचं नको, माहिती देणारा म्हणून त्याचं. निवृत्तीला किती महिने उरलेत ते बघा आणि शेवटचं वर्ष त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकायला देण्याचा आदेश काढा. आदेशात पदनाम काहीतरी बरं लिहा. त्यातून त्याला एक पैसा जास्त मिळणार नसेल, तरी लिहा.

वेअरिंग तीनच वर्षं टिकले. निवडणुकीत जुना पक्ष परत आला, १८९८ च्या सुरुवातीला त्यांची जागा गेली, त्याच वर्षी ते पीतज्वराने वारले. तुमची बदली एवढी दुःखद नसेल, पण होईल हे धरून चाला. तुमच्यानंतर येणाऱ्या साहेबाला तो नकाशा, झोनच्या मीटरचे रोजचे आकडे आणि शेवटच्या घरच्या बादलीची नोंद, या तीन गोष्टी एकाच कपाटात मिळाल्या पाहिजेत.

वरच्या गल्लीतल्या बायकांना मात्र उद्याच भेटा. वेळापत्रक मागे घेतलं आणि चावीवाल्याची जुनी पद्धत सध्या चालू ठेवली, हे त्यांना स्वतः सांगा, आणि त्याच्यासमोर सांगा. मग विचारा, पाणी आलं की त्याला फोन करणाऱ्या बाई कोण. त्यांचा नंबर घ्या. पहाटे गमबूट घालून जा, चेंबरमध्ये गुडघाभर पाणी असतं.